दहा ते चार बसणारा माणूस

थेल्मा रेनच्या स्वयंपाकघरात कप अडकवायला सहा आकडे होते. पाचांवर तिचे गुलाबाच्या फुलांचे कप, आणि सहाव्यावर निळ्या पट्ट्यांचा, कान तुटून पुन्हा चिकटवलेला एक जाडजूड कप. तो विल्फ हाइंडमार्शचा. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तो कोटाच्या खिशात घालून घेऊन आला होता. "तुझ्या त्या बाहुलीच्या कपात माझा एक घोटसुद्धा मावत नाही," असं म्हणून त्याने तो स्वतःच आकड्यावर लटकवला, आणि थेल्माने तो काढला नाही. दोघांमध्ये जे काही ठरलं ते एवढंच.

विल्फ थेल्माच्याच रस्त्यावर, थर्ड स्ट्रीटच्या पार त्या टोकाच्या घरात राहायचा. वय एक्याऐंशी, एकटाच. थेल्माचा नवरा टेड आणि तो इंग्लंडातल्या ब्रॅकन लॉ या गावच्या कोळशाच्या खाणीत एकाच पाळीला उतरायचे. खाण बंद झाली, टेड सहा वर्षांपूर्वी गेला, पण खाणकामगाराच्या विधवेला मिळतो तो कोळसा अजून थेल्माच्या दारात येऊन पडत होता आणि तिच्या शेगडीत खरा विस्तव होता. विल्फने मात्र केव्हाच गॅसवर घर गरम करायचं यंत्र बसवून घेतलं होतं, आणि आता गॅसच्या मीटरमध्ये आधी पैसे भरायचे म्हटलं की त्याचा हात खिशातून बाहेर निघत नसे. म्हणून तो रोज सकाळी दहाला यायचा, विस्तवापाशी बसायचा, आणि चारला टोपी घालून निघायचा. यायचा मागच्या दाराने. ब्रॅकन लॉमध्ये सगळे मागच्याच दाराने येतात. पुढचं दार डॉक्टरसाठी, कचेरीच्या माणसासाठी आणि शवपेटीसाठी. थेल्माचं पुढचं दार टेडला नेलं तेव्हा शेवटचं उघडलं होतं. त्यानंतर ते फुगून चौकटीत जे बसलं ते बसलंच.

"आज कोण गेलं?" थेल्मा बटाटे सोलता सोलता विचारायची.

"थांब, बघतो." विल्फ वर्तमानपत्रातलं मृत्यूंचं पान उघडायचा. "आपण दोघं नाही. बाकीचे चिल्लर आहेत."

रोज हाच विनोद, आणि रोज ती हसायची. म्हातारपणी माणसाला नवे विनोद लागत नाहीत, जुना विनोद करणारं माणूस लागतं. थेल्माला हे कळत होतं, पण बोलून दाखवण्याइतकी ती मोकळी बाई नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चोवीस साली, सरकारने हिवाळ्याच्या पैशांचा नियम बदलला. आधी एका वयानंतर सगळ्या म्हाताऱ्यांना घर गरम ठेवायला म्हणून दोनशे-तीनशे पाउंड आपोआप मिळायचे, कुणी विचारत नसे की तू कोण आणि तुझ्याकडे काय आहे. आता ते फक्त पेन्शन क्रेडिटवाल्यांना मिळणार होते, म्हणजे ज्यांची पेन्शन तुटपुंजी पडते म्हणून सरकार वरून भर घालतं त्यांना. थेल्माला ही भर मिळत होती. विल्फला नव्हती. त्याने कधी मागितलीच नव्हती.

"मला खाणीची पेन्शन आहे," तो म्हणायचा. "ती भर गरिबांसाठी असते."

"मग तू कोण, लाटसाहेब?"

"मी खाणकामगार. गरीब वेगळे."

त्याच्या कोटाचं अस्तर लोंबत होतं, पण तो गरीब नव्हता.

दर मंगळवारी चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी सूप असायचं. सूप पातळ, पण बातम्या घट्ट. त्या वाढायचं काम मॉरीन टॉडकडे. मॉरीनला सगळे नियम ठाऊक असायचे, आणि एक नियम ती दोनदा सारखा सांगत नसे. सप्टेंबरात तिने सांगितलं की ऐंशीच्या खालच्या कुणालाच काही मिळणार नाही. ऑक्टोबरात सांगितलं की मिळेल, पण फोनवर निरोप येईल त्याला उत्तर दिलं तरच. मग कळलं की तसले निरोप चोर पाठवतात. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी तिने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवत, सहज सांगितलं, "बायकांनो, ज्यांच्याकडे पुरुष येऊन बसतो ना, त्यांनी सांभाळून राहा. माझ्या मावसबहिणीच्या नणंदेची भर गेली. घरात दुसरं माणूस सापडलं म्हणून."

"सापडलं म्हणजे?" थेल्माने विचारलं.

"सापडलं म्हणजे सापडलं. रेझर, चपला, कप. असलं काहीतरी बघतात म्हणे."

थेल्माने चमचा खाली ठेवला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला विल्फ पुरुषांच्या टेबलावर लीकच्या प्रदर्शनावरून कुणाशी तरी भांडत होता. कांद्याच्या पातीसारख्या, पण हाताएवढ्या जाड लीक पिकवायच्या आणि मोजपट्टी लावून बक्षिसं घ्यायची, हा त्या गावातल्या पुरुषांचा जुना नाद. विल्फने तीनदा बक्षीस घेतलं होतं आणि तीस वर्षं ते सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. तपकिरी पाकीट, खिडकीवालं. तुमच्या पेन्शन क्रेडिटची फेरतपासणी आहे, येत्या काही आठवड्यांत आम्ही फोन करू; तुमच्या परिस्थितीत बदल झाला असल्यास, उदाहरणार्थ तुमच्या घरी दुसरी व्यक्ती राहायला आली असल्यास, आम्हाला कळवणं बंधनकारक आहे. थेल्माने ते उभ्यानेच चार वेळा वाचलं. मग तिची नजर आकड्यांवर गेली आणि सहाव्या आकड्यावर जाऊन थांबली.

दुसरी कुणी असती तर हसली असती. पण थेल्मा ज्या घरात वाढली होती तिथे कपाचं हसू होत नसे. तिच्या आईने तिला लहानपणापासून एकच गोष्ट सांगितली होती, गोष्ट म्हणून नव्हे, ताकीद म्हणून. आई बारा वर्षांची होती तेव्हा खाणीत काम नव्हतं आणि आजोबा सरकारी मदतीवर होते. मदत द्यायच्या आधी पाहणीचा माणूस घरी यायचा. खुर्च्या मोजायचा, पलंग मोजायचा, कपाट उघडायचा. मोठा मुलगा जॅकी सोळाचा, बेकरीत चार पैसे मिळवणारा. तो घरात राहिला तर त्याची मजुरी आजोबांच्या मदतीतून वजा. म्हणून जॅकीला शेजारच्या गावात आत्याकडे झोपायला पाठवलं. तो रोज संध्याकाळी लपतछपत जेवायला यायचा, आणि आजी त्याचा कप थंड भट्टीत लपवून ठेवायची. एकदा पाहणीच्या माणसाने भट्टीसुद्धा उघडली. त्या दिवसापासून जॅकीचं जेवायला येणं बंद झालं, आणि पुढच्या वर्षी तो दक्षिणेकडे कामाला गेला तो गेलाच. आजी मरेपर्यंत म्हणायची, एका कपापायी माझा पोरगा गेला.

पाहणीची माणसं येऊन गेली त्याला नव्वद वर्षं झाली होती. पण भीती काही पेन्शनीत निघत नाही. थेल्माला पत्रातल्या प्रत्येक शब्दामागे तोच माणूस दिसत होता, हातात पेन्सिल घेतलेला.

दुसऱ्या दिवशी विल्फ आला, टोपी काढली, चिमट्याने निखारे सारखे केले. ती बटाटे सोलत राहिली. त्याने मृत्यूंचं पान उघडलं.

"आज विचारलं नाहीस कोण गेलं ते."

"विल्फ," ती म्हणाली, "तू थोडे दिवस येऊ नकोस."

तिने पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा चढवून ते सावकाश वाचलं आणि मोठ्याने हसला. "म्हणजे मी तुझा यार! एक्याऐंशीव्या वर्षी! थांब, हे मला मंगळवारी सगळ्यांना सांगू दे."

"हसतोस काय? भर गेली की हिवाळ्याचे पैसे जातील, घरपट्टीची सूट जाईल, एकाला लागून दुसरं. मी काय खाऊ?"

"अगं, पण मी राहतो कुठे इथे?"

"दहा ते चार! त्याला काय म्हणायचं? तुझा कप आहे इथे. मॉरीन म्हणते कप बघतात."

"मॉरीन!" तो म्हणाला. "ती बाई घड्याळात बघूनसुद्धा चुकीची वेळ सांगेल." पण मग त्याने थेल्माच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचं थांबवलं. "किती दिवस?"

"त्यांचा फोन येऊन जाईपर्यंत. दोन-तीन आठवडे."

"माझं घर आहे की मला," तो म्हणाला. "गॅस आहे. काही मरत नाही मी."

तो उठला, सहाव्या आकड्यावरचा कप काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कोटाच्या खिशात घातला. थेल्माला वाटलं होतं कप कपाटात ठेवू. ते सांगायला तिने तोंड उघडलं, पण तो मागच्या अंगणातून बाहेर पडला होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, हेच तिला पुढे खुपत राहिलं.

नोव्हेंबर संपता संपता थंडी पडली. थर्ड स्ट्रीटवर रिवाज असा की सकाळी आठच्या आत पडदा उघडायचा. ज्याचा पडदा उघडला नाही त्याच्या दारावर शेजाऱ्याने थाप मारायची. थेल्मा रोज सकाळी वरच्या खिडकीतून त्या टोकाच्या घराकडे बघायची. पडदा उघडा असायचा. मग ती खाली येऊन विस्तव पेटवायची आणि एकटीच त्यासमोर बसायची. निखारे तिला विल्फसारखे रचता येत नसत. धूर व्हायचा. मंगळवारच्या सूपलाही ती जाईना.

थंडीच्या तिसऱ्या दिवशी तिने वाटाण्याची डाळ आणि हॅमचं दाट सूप केलं, छोट्या पातेल्यात भरलं आणि अंधार पडल्यावर विल्फच्या मागच्या पायरीवर ठेवून आली. दारावर थाप मारली नाही. मॉरीनची खिडकी तिथून दिसते. सकाळी तिच्या पायरीवर पातेलं परत आलेलं होतं, आरशासारखं घासलेलं, आणि आत एक लीक. विल्फ असाच. त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं की भांडं रिकामं परत करायचं नाही, आणि घाणेरडं तर मुळीच नाही.

असं दर दोन दिवसांनी चाललं. पातेलं जायचं, पातेलं यायचं, आत लीक. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पातेलं आलं, आत लीक नव्हती. थेल्माला वाटलं, लीक संपल्या असतील. मग तिने धुवायला म्हणून पातेलं हातात घेतलं आणि बोट काठावरून फिरवलं. काठाला आतून चरबीचा पांढरा थर होता. घासलेलं होतं, चांगलं जोर लावून घासलेलं, ओरखडे दिसत होते. पण हॅमची चरबी थंड पाण्याने निघत नाही.

ती पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. त्या माणसाच्या घरात गरम पाणी नव्हतं.

तेव्हाच जायला हवं होतं. थेल्माने पुढे हे स्वतःला किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही. पण तिने काय केलं? अजून दोन दिवस वाट पाहिली. कारण अजून फोन आला नव्हता. पडदा तर उघडतोच आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली.

फोन आला तो एकोणीस तारखेला, गुरुवारी, सकाळी साडेनऊला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, बोलण्यावरून याच भागातली. नाव, जन्मतारीख, पेन्शन. थेल्मा खुर्चीच्या कडेवर ताठ बसून उत्तरं देत होती.

"तुमच्याबरोबर आणखी कुणी राहतं का, मिसेस रेन?"

"नाही! कुणी नाही. एक माणूस यायचा, पण त्याला मी बंद केलं. पत्र आलं त्याच दिवशी... म्हणजे दुसऱ्या दिवशी. त्याचा कपसुद्धा नाही आता इथे."

"यायचा म्हणजे? मुक्कामाला?"

"नाही गं बाई! बसायला. दहा ते चार."

"आणि चारला?"

"चारला त्याच्या घरी. त्याचं घर आहे."

"मिसेस रेन," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला, "बसणं म्हणजे राहणं नव्हे हो. तुमच्याकडे रोज सगळी गल्ली येऊन बसली तरी आम्हाला काही करायचं नाही. तो कायमचा राहायला आला असता तर गोष्ट वेगळी. तेव्हा आम्हाला कळवावं लागतं, मग दोघांचं मिळून बघतात, आणि भर बंदही होऊ शकते. पण बसायला काय!"

"सहा आठवडे झाले," थेल्मा म्हणाली.

"कशाला?"

"काही नाही. त्याचं, विल्फचं विचारते. त्याला खाणीची पेन्शन आहे, म्हणून भर मिळत नाही ना?"

"दुसऱ्याचं मला सांगता येत नाही. पण थोडी पेन्शन असलेल्या पुष्कळांना मिळते, त्यांना माहीतच नसतं. त्यांना स्वतः फोन करायला सांगा. आणि लवकर, बरं का. या हिवाळ्याचे पैसे हवे असतील तर परवा, एकवीस तारखेला, शेवटचा दिवस आहे."

फोन ठेवून थेल्मा कोट न घालताच मागच्या दाराने निघाली. गल्ली गोठली होती. तिच्या खुब्याचा सांधा बदललेला, तरी ती जितकं पळता येईल तितकं पळाली. मॉरीन खिडकीतून बघत होती. बघू दे.

विल्फच्या दाराला कडी लावलेली नव्हती. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड होती. तो पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी, पायांवर गालिचा उचलून पांघरलेला. निळ्या पट्ट्यांचा कप मांडीवर कलंडला होता. पडदा उघडा होता. तो उघडाच राहिला होता. बंद करायला आणि परत उघडायला त्याच्याच्याने उठवत नव्हतं, म्हणून त्याने तो बंद करणंच सोडून दिलं होतं. आणि थेल्मा रोज सकाळी तो उघडा पडदा बघून निश्चिंत होत होती.

"विल्फ! अरे विल्फ!"

त्याने डोळे उघडले. ओठ निळसर. तो काहीतरी पुटपुटला. तिने कान जवळ नेला.

"...फोन आला का त्यांचा?"

तिथे मात्र तिला रडू कोसळलं. टेड गेला तेव्हा ती लोकांसमोर रडली नव्हती. आता त्याचे दोन्ही हात आपल्या काखेत धरून ती हमसाहमशी रडली, आणि मधेच मॉरीनच्या नावाने असं काही ओरडली की गल्लीपलीकडून मॉरीन धावत आली आणि तिनेच रुग्णवाहिकेला फोन केला.

हॉस्पिटलात म्हणाले छातीत कफ साठलाय, अंगातली ऊब गेलीय, अजून एक दिवस गेला असता तर सांगता येत नव्हतं. एकवीस तारीख आली तेव्हा विल्फच्या तोंडावर प्राणवायूची नळी होती. फोन त्याने स्वतः करायचा होता, ते आता सांगायचं कुणाला? थेल्मा दिवसभर त्याच्या पलंगाशेजारी बसली, दहा ते चार, आणि तारीख तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

नाताळ झाल्यावर त्याला थोडं बरं वाटू लागलं. दोन जानेवारीला नर्स फळीवर कागद लावून आली. तिला पलंग रिकामा हवा होता, पण मन वाईट नव्हतं.

"त्या घरी यांना सोडता येणार नाही," ती म्हणाली. "घर गरम नाही, सोबतीला कुणी नाही. कुणाकडे राहायची सोय आहे का? नाहीतर वृद्धाश्रमात जागा मिळेपर्यंत..."

"माझं बघू नकोस," विल्फ उशीवरून थेल्माला म्हणाला. आवाज अजून खरखरीत होता. "तुझी भर जाईल. ऐकलंयस ना त्या पोरीने काय सांगितलं? बसलो तर चालतं, राहिलो तर नाही."

"तू गप्प बस," थेल्मा म्हणाली. मग नर्सकडे वळली. "लिहा. अठ्ठावीस, थर्ड स्ट्रीट. माझ्याकडे राहणार तो."

"थेल्मा, अगं..."

"गप्प बस म्हटलं ना."

त्याला चाकाच्या खुर्चीवरून आणायचं होतं, आणि मागच्या अंगणाच्या पायऱ्या उंच. म्हणून आदल्या दिवशी थेल्माने पुढच्या दाराच्या कडांना साबण घासला आणि मॉरीनला हाक मारली. दोघींनी खांदा लावून लावून ते दार उघडलं. मॉरीनने त्या आठवड्यात एकही नियम सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी भर अकरा वाजता, अख्खी थर्ड स्ट्रीट खिडक्यांतून बघत असताना, विल्फ हाइंडमार्श टोपी घालून पुढच्या दाराने थेल्मा रेनच्या घरात आला. थेल्माने कप सहाव्या आकड्यावर अडकवला. मग तिने तपकिरी पाकीट काढलं आणि त्यावरच्या नंबराला स्वतः फोन लावला. पाहणीचा माणूस अजून तिथेच कुठेतरी उभा होता, त्याला ती विसरली नव्हती.

या वेळी पलीकडे दुसरीच मुलगी होती.

"परिस्थितीत बदल झालाय," थेल्मा म्हणाली. "तो कळवायचाय. घरात एक माणूस राहायला आलाय."

"ठीक आहे. नाव? ... आणि केव्हापासून राहतात ते तुमच्याकडे?"

थेल्माने विस्तवाकडे पाहिलं. विल्फ चिमटा हातात घेऊन निखारे रचायचा प्रयत्न करत होता, आणि त्याच्या हाताला तो चिमटा पेलत नव्हता.

"आजपासून," ती म्हणाली. "पण नोव्हेंबरपासूनच राहायला हवा होता. ते लिहायला जागा आहे का तुमच्या कागदावर?"

मुलगी म्हणाली, तशी जागा नाही.

"मग आजचीच तारीख घाला," थेल्मा म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून त्याच्या हातातला चिमटा घ्यायला पुढे झाली.